नितळ पाण्यावरचा भरवसा

रिसोड तालुक्यातलं रिठद आणि भोवतालची खेडी यांच्यात माझी हयात गेली. नोकरी आरोग्यसेवकाची. तापाचं सर्वेक्षण, रक्ताचे नमुने, लसीकरणाच्या दिवसाची धावपळ, आणि या सगळ्यात बारा महिने न संपणारं काम म्हणजे पाणी. विहिरी, हापश्या, टाक्या यांचे नमुने बाटल्यांत भरून प्रयोगशाळेला पाठवायचे, टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, पोतं बघायचं, गॅस्ट्रोची लागण झाली की घरोघर फिरायचं. भूजलातल्या जंतूंविषयी प्रशिक्षणात जे ऐकलं होतं ते खरंच होतं, पण ते खरं कसं ठरतं हे इथल्या जमिनीनं आणि माणसांनी दाखवलं. त्यातलं थोडं सांगतो. तुमच्या गावचा खडक वेगळा असेल, विहीर वेगळी असेल; ताळा तुम्हीच जमवून पाहा.

१. माणूस पाणी डोळ्यांनी आणि जिभेनं पारखतो, आणि जंतू यांपैकी कुणाच्याच हाती लागत नाही. “इतकं नितळ पाणी हाये भाऊ, त्यात काय असन?” असं एका आजीनं तांब्या पुढे करत विचारलं होतं, आणि तिचं काही चुकत नव्हतं. ई. कोलाय हा जंतू साधारण दोन मायक्रॉन लांबीचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा. तांब्याभर पाण्यात असे लाखभर जीव असले तरी तळाचं नाणं लख्ख दिसेल. चवीचंही तेच. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा पसरला तेव्हा तिथल्या हातपंपाचं पाणी लोकांना फार आवडायचं. दूर हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक विधवा बाई त्या चवीसाठी तिथलं पाणी रोज बाटलीत मागवत असे. ती कॉलऱ्यानं गेली, आणि तिच्या बाटलीचा माग काढणं हा डॉक्टर जॉन स्नो यांच्या हाती लागलेला मोठा पुरावा ठरला. पुढे कळलं की पंपाच्या विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर एका घराचा मैलाखड्डा होता आणि मधलं विटांचं बांधकाम कुजलेलं होतं. आपल्याकडेही प्रत्येक गावात एक ‘गोड पाण्याची’ विहीर असते. तिचा नमुना घ्यायला गेलं की लोकांच्या चेहऱ्यावर नाराजी उमटते, जणू घरच्या माणसावर संशय घेतला.

२. जमीन पाणी गाळून देते, हे सगळीकडे सारखं खरं नाही. गंगेच्या खोऱ्यात गाळ आणि वाळूचे जाड थर आहेत. त्यातून पाणी सावकाश झिरपतं, जंतू कणांना चिकटतात, उपाशी पडतात, मरतात. आपल्या वऱ्हाडात पायाखाली बेसाल्ट आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. विहीर खोदली जात असताना काठावर उभं राहिलं की सगळी मांडणी दिसते. वर काळी माती, मग चुनखडीचे खडे, मग मुरूम, मग भेगाळलेला खडक, आणि त्याखाली सुरुंगालाही सहज दाद न देणारा काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात आणि खडकाच्या फटींत. विहिरीत उतरून पाहिलं तर झरा नेमका एखाद्या भेगेतून येताना सापडतो. ती भेग पुढे कुठवर जाते, कुणाच्या गोठ्याखालून जाते, हे सांगणारं कुणी नसतं.

आणि वरची काळी माती? ओली असताना ती फुगते आणि पाण्याला खाली जाऊ देत नाही. उन्हाळ्यात तीच आकसते. मे महिन्यात सोयाबीन-हरभरा निघून गेलेल्या रिकाम्या वावरात जाऊन भेगेत काठी घालून पाहा. हातभर काठी आत जाते आणि टोकाला काही लागत नाही. मृगाचा पहिला दणका पाऊस येतो तेव्हा या भेगा उघड्याच असतात. उकिरडा, गोठा, गावाकडेची हागणदारी या सगळ्यांवरून वाहत आलेलं पाणी मातीतून झिरपत बसत नाही, ते भेगेतून थेट मुरमात उतरतं. दोन-चार पावसांनी माती फुगते, भेगा मिटतात, आणि वरून पाहणाऱ्याला काही घडून गेलं असं वाटतही नाही.

हे केवळ आपल्या उष्ण मुलखाचं दुखणं असेल असं मला वाटत असे. मग कॅनडातल्या वॉकर्टन या गावाविषयी वाचलं. मे २००० मध्ये तिथे मोठा पाऊस झाला, शेतात टाकलेल्या शेणखतातले जंतू भेगाळलेल्या खडकावाटे एका उथळ विहिरीत उतरले, आणि जेमतेम पाच हजार वस्तीच्या त्या गावात तेवीसशेवर माणसं आजारी पडली, सात दगावली. खडक चुनखडीचा होता, हवा थंड होती, देश श्रीमंत होता. वरची माती पातळ, खालचा खडक फुटका आणि अवचित आलेला पाऊस, एवढं पुरलं.

३. पाण्याच्या आजाराला दोन मोसम असतात, आणि दुसऱ्याकडे आपलं लक्ष कमी असतं. पहिला पावसाळ्याच्या तोंडाचा, तो सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरा एप्रिल-मेचा. तळाशी गेलेलं पाणी, सगळ्या गावाचे पोहरे एकाच विहिरीत, आणि टँकर आला की तोही त्याच विहिरीत ओतायचा. कुठूनतरी आणलेलं पाणी, कुणीतरी धुतलेली किंवा न धुतलेली टाकी, आणि काठावर दहा-वीस दोर. एखाद्या दोराला शेणाचा हात लागलेला असेल, एखादी बादली मोरीतून उचलून आणलेली असेल. त्या दिवसांत पाण्याच्या दर्जाविषयी बोलायला गेलं की बाया ऐकून घेतात आणि म्हणतात, “आधी पाणी त येऊ द्या.” मला त्यांना कधी उत्तर देता आलं नाही आणि आजही देता येणार नाही.

४. रोग येईपर्यंत पाणी विसरलेलं असतं. कॉलरा काही तासांत ते चार-पाच दिवसांत उठतो, म्हणून निदान ‘परवाच्या लग्नातलं पाणी’ आठवतं. मुदतीच्या तापाचं तसं नाही. टायफॉइडचा जंतू पोटात गेल्यापासून ताप यायला आठवडा, दोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर माणूस कापूस वेचायला परगावी जाऊन आलेला असतो, यात्रा करून आलेला असतो. मग ताप ‘हवापालटाचा’ ठरतो आणि विहीर निर्दोष सुटते.

५. काळी बाटली म्हणजे निकालपत्र नव्हे, ती सूचना आहे, हे समजायला वेळ लागतो, आणि समजावायला त्याहून जास्त. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत के. एस. मांजा आणि सहकाऱ्यांनी एक साधी पद्धत मांडली. छोटी निर्जंतुक बाटली, आत औषध लावलेली कागदाची पट्टी. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, हलवायचं आणि उबेत ठेवायचं. मैल्यातले कित्येक जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, त्यामुळे पाणी काळं पडतं. एक-दोन दिवसांत कळतं. इथल्या मे महिन्यात बाटली घराच्या कोपऱ्यात ठेवली तरी पुरते. पौषातल्या थंडीत मात्र तिला उबदार जागा शोधावी लागते. काळी पडलेली बाटली ओट्यावर ठेवली की बायका पुढे येऊन पाहतात, आणि झाकण उघडलं तर सडक्या अंड्याचा वास येतो. कागदावरच्या अहवालानं जे होत नाही ते त्या वासानं होतं.

यातली मला चकित करणारी गोष्ट पुढे आहे. ज्या ई. कोलायला आपण मैल्याची खूण मानतो, तो बहुधा हा वायू तयार करत नाही. बाटली काळी करतात ते त्याच्याबरोबर आतड्यात राहणारे दुसरे. शिवाय हवाईसारख्या उष्ण बेटांवरच्या अभ्यासात असं दिसलं की ई. कोलाय तिथल्या ओल्या, उबदार मातीतही तग धरतो, वाढतो. थंड देशात बसवलेली खूण उष्ण मुलखात थोडी सैल पडते. पण म्हणून खूण टाकून देता येत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही सापडता कामा नये, आणि त्या कडकपणामागे अर्थ आहे. एक खूण सापडली याचा अर्थ वाट उघडी आहे. त्या वाटेनं आज साधा जंतू आला, उद्या आमांशाचा शिगेला येईल, परवा कॉलऱ्याचा येईल.

६. हापशीचं पाणी चांगलं की वाईट हे बहुतेकदा वरच्या चार फुटांत ठरतं. हापशीविषयी मला ममत्व आहे. जगभर गेलेल्या इंडिया मार्क टू पंपाची मुळं आपल्या शेजारी आहेत. जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी केलेला पंप, मग सोलापूरचा पंप, आणि त्यांतून सुधारत सत्तरच्या दशकात आलेलं हे यंत्र. खोल भेगेतलं पाणी, वर लोखंडी केसिंग, दोर नाही, बादली नाही. उघड्या विहिरीच्या मानानं ही फार मोठी मजल होती. पण केसिंगभोवतीचा ओटा तडकला की सांडलेलं पाणी त्याच तडीतून पाइपाच्या बाहेरच्या अंगानं खाली जातं. ओट्यावर भांडी घासली जातात, गुरं पाणी पितात, लेकरं आंघोळ करतात, सांडपाण्याची नाली बुजलेली असते. मग दोनशे फुटांवरून वर आणलेलं पाणी आणि ओट्यावरचं डबकं यांची गाठ पडते. तडीत करंगळी जाते का, एवढं पाहिलं तरी अंदाज येतो.

७. संडास बांधला की मैला गावातून गेला, असं होत नाही. २०१४ नंतर घरोघर संडास झाले आणि हागणदारी पुष्कळ कमी झाली. बाईमाणसांचा अंधाराची वाट पाहण्याचा जाच संपला. त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण शोषखड्डा विहिरीपासून निदान पंधरा मीटर तरी असावा हा नियम गावठाणात कुठे बसवायचा? घराला घर लागून, अंगणात बोअर, बोअरजवळ खड्डा, आणि खड्डा खोल हवा म्हणून थेट मुरमापर्यंत खोदलेला. मुरमात पाणी छान जिरतं, म्हणून घरधनी खूश. ते जिरून कुठे गेलं हा प्रश्न त्या खुशीत राहून जातो. पंधरा मीटर हा आकडा मातीत ठीक आहे. फुटक्या खडकात अंतराचा भरवसा धरता येत नाही, दिशा आणि उतारही पाहावा लागतो. खड्डा उथळ ठेवणं, तोही बोअरच्या उतारावर खालच्या अंगाला, एवढं तरी बांधतानाच सांगायला हवं. नंतर कोण उकरतो?

८. क्लोरिन किती टाकला यापेक्षा किती उरला हे महत्त्वाचं. हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम टीसीएल, हे गावातल्या नळवाल्याला पाठ असतं. पन्नास हजार लिटरच्या टाकीला अडीचशे ग्रॅम. पण पोतं उघडं राहिलं, दमट खोलीत पडलं, तर पावडरीतला क्लोरिन उडून जातो आणि मागे चुना राहतो. ताज्या पावडरीत तेहतीस टक्के असतो. नाकाला झोंबत नसेल, गाठी झाल्या असतील, तर समजावं. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी तर क्लोरिन खाऊनच टाकतं, तेव्हा पाठ असलेला हिशेब कामाचा नसतो. म्हणून ओटी टेस्ट. शेवटच्या घराच्या नळाचं पाणी नळीत घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरिन पोचला. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरायला हवा. टाकीजवळच्या नळावर केलेली टेस्ट कुणालाही सुखावते. वस्तीच्या टोकाला जायला पाय मोडावे लागतात. वॉकर्टनमध्येही चौकशीत हेच उघड झालं: क्लोरिन न मोजताच वहीत आकडे लिहिले जात होते. सात माणसांच्या मरणामागे खडक होता, पाऊस होता, तशी ती वहीही होती.

उघड्या विहिरीसाठी नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेनं सुचवलेली दुहेरी मडक्याची युक्ती मला अजून आवडते. लहान मडक्यात एक किलो टीसीएल आणि दोन किलो जाड वाळू ओली करून भरायची, ते भोक पाडलेलं मडकं मोठ्या मडक्यात ठेवायचं, आणि दोन्ही दोरीनं विहिरीत पाण्याखाली मीटरभर सोडायची. घरगुती विहिरीला दोन-तीन आठवडे क्लोरिन हळूहळू मिळत राहतो. कुंभाराकडची मडकी आणि नाल्यातली वाळू, बाकी काही लागत नाही.

“पाण्याले औषधाचा वास येते” म्हणून लोक नळ सोडून मळ्यातल्या विहिरीचं पाणी आणतात. ही तक्रार मी खरी मानतो. वास येतोच. त्यांना एवढंच सांगत आलो की हंडा भरून तासभर ठेवा, वास बराच निवतो.

९. गावाला आजारी पाडायला जंतूइतकंच विजेचं बिलही कारण होतं. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलरा पसरला, माणसं गेली. बिल थकल्यामुळे पाणी योजनेची वीज तोडलेली होती आणि लोक उघड्या विहिरीवर गेले होते. या बातमीनं मला कित्येक दिवस स्वस्थ बसू दिलं नाही. विहिरीत जंतू होता, पण माणसांना त्या विहिरीवर नेऊन सोडलं ते कागदावरच्या थकबाकीनं. आणि हे फक्त दुर्गम डोंगरातच होतं असं समजू नये. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्ता भागात, गिलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढत दोनशेच्या वर गेले; काहींच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला आणि तिथल्याच नांदेड गावच्या विहिरीच्या पाण्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. जुलाब बरे झाले तरी माणसाचे हातपाय लुळे पडू शकतात, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं.

नळाचंही तसंच. पाणी दिवसाआड येतं, मधल्या वेळात पाइप रिकामे असतात, आणि रिकामा पाइप नालीतून गेलेला असेल तर जोडातून घाण आत ओढतो. त्यात एखाद्यानं टिल्लू मोटर लावली की ओढ दुप्पट. शेजाऱ्याला पाणी कमी मिळतं एवढंच भांडण होतं. नालीचं पाणी सगळ्यांच्या हंड्यात जातं, यावरून कुणी भांडत नाही.

१०. जुन्या बायांच्या सवयींकडे पाहताना माझी मान आपोआप झुकते. जुन्या लुगड्याचा तुकडा चौपदरी करून हंड्यावर धरायचा, मगच पाणी ओतायचं. नारूचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना याचं कारण सांगावं लागत नव्हतं; पाण्यातला बारीक किडा, सायक्लॉप्स, कापडावर अडायचा आणि नारू टळायचा. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला, त्यात या चिंध्यांचा वाटा आहे. पुढे बांगलादेशातल्या मतलब भागात रीटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी हेच जुन्या साडीवर करून पाहिलं. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात, त्यामुळे घडीच्या साडीतून गाळल्यावर कॉलरा जवळजवळ निम्मा झाला. २००३ सालचा तो निबंध. अर्थात तिथलं पाणी तळ्या-नद्यांचं. विहिरीत सुटा फिरणारा जंतू कापडातून आरामात पार होतो, तिथे उकळणं किंवा क्लोरिन, तिसरा मार्ग घरात नाही म्हटलं तरी चालेल. तांब्याच्या हंड्यात रात्रभर, सोळाएक तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मरतात असं बंगळुरूकडच्या प्रयोगात दिसलं आहे. पण तांब्याचे हंडे मोडीत गेले आणि प्लास्टिकचे आले.

राहिलं ओगराळं. माठात पेला बुडवून पाणी घेतलं की पाच बोटंही बुडतात. वर केलेली सगळी उस्तवार त्या एका क्षणात वाया जाते.

११. जंतू मारतो म्हणण्यापेक्षा अंगातलं पाणी सरल्यानं लेकरू जातं. हे कळलं तर आई घाबरून हातपाय गाळत नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपलं तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं, आणि तीस टक्क्यांच्या घरातलं मरण चार टक्क्यांच्या खाली आलं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ; घोट घोट, प्रत्येक जुलाबानंतर. “पाणी पाजलं त अजून हगल” या भीतीपोटी लेकराचं पाणी बंद करणारं घर अजूनही भेटतं. त्या घरात बसून, वाटी-चमचा हातात घेऊन, स्वतः पाजून दाखवावं लागतं.

१२. पाण्याची चर्चा ग्रामसभेत शेवटी येते, लोक उठायला लागतात तेव्हा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावातल्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं. धोका जास्त असेल तर ग्रामपंचायतीला लाल कार्ड, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं. पाच वर्षं हिरवं टिकवलं तर चंदेरी. हे कार्ड कार्यालयाच्या भिंतीवर लागतं आणि बहुतेकांना ते कशाचं आहे हे ठाऊक नसतं. अलीकडे जल जीवन मिशनमधून गावागावांतल्या पाच-पाच बायांना पाणी तपासायचं किट शिकवलंय, हे मला सगळ्यात आशेचं वाटतं, कारण पाणी भरणारीच पाणी तपासते. अशाच एका सभेत एक तरुण सून काळी पडलेली बाटली घेऊन आली होती. तिनं ती टेबलावर ठेवली, हापशी कोणती ते सांगितलं आणि विषय पहिला घ्या म्हणाली. कुजबूज झाली, “काहून घाई करता, वहिनी?” असंही कुणी म्हणालं. पण विषय पहिला घेतला गेला. ओटा फोडून नवा करायचा, नाली वीस फूट पुढे न्यायची, काम होईपर्यंत हापशीला लाल रंग द्यायचा, असं ठरलं. सिमेंट कुणी आणायचं यावर मात्र बरीच वादावादी झाली.